पायरीकडच्या टायरचा फुगा

चार टायरांपैकी एकाच टायरला फुगा कसा आला? आणि तोही बाजूला?

शाल्मली अंगणात उकिडवी बसून बघत होती. सुटीत ती आजऱ्याला आजोबांकडे आली होती. आज आजीला जाऊन वर्ष झालं. घाट उतरून वेंगुर्ल्याला, आजीच्या धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. दुपारी पानं वाढण्याआधी पोचायला हवं होतं. पण गाडी हलेना.

"डाव्या पुढच्या टायरला धोका आहे. मी घाट उतरणार नाही," गाडी म्हणाली. ही गाडी बोलायची आणि रस्त्यावर स्वतःच चालायची. आजीने तिचं नाव गुंड्या ठेवलं होतं.

"गुंड्या, शहाणपणा करू नकोस. आजचा दिवस चुकवून चालणार नाही," आजोबा म्हणाले.

"आजोबा, पंक्चरला लावतात तसं ठिगळ लावूया ना?"

आजोबांचा जन्म रबराच्या प्रयोगशाळेत गेला होता. ते खाली बसले, फुग्यावरून बोट फिरवलं आणि सुस्कारा सोडला.

"गुंड्याचं बरोबर आहे. टायर रस्त्याला टेकतो तिथे रबर जाड असतं, आत पोलादी तारांचे पट्टे असतात. तिथे खिळा घुसला तर भोक बुजवता येतं. ही साइडवॉल (टायरची बाजूची भिंत). ही पातळ. हिच्या आत नुसते मजबूत धागे. हवेचा दाब तेच पेलतात."

"आणि तुटले तर?"

"हवा तिथलं रबर बाहेर ढकलते. झाला फुगा. चाक फिरताना ही भिंत प्रत्येक फेरीला दबते आणि उठते, म्हणून ठिगळ टिकत नाही. घाटात एकदम फुटेल. वरवरचा ओरखडा असता तर चाललं असतं. फुगा आला किंवा धागा दिसला, की टायर बदलायचा."

"पण धागे तुटले कसे?"

"चाक दगडावर आपटलं, की रबर दगड आणि रिम (चाकाची धातूची कडा) यांच्यात चिमटतं. दारात बोट सापडतं ना, तसं."

"गुंड्या, तू आपटलास?"

"मी नाही. घराशी गाडी आजोबा लावतात. पायरीला खेटून."

पायरीच्या दगडावर टायरचे काळे डाग होते.

"आजोबा, एवढं खेटून कशाला?"

आजोबांनी पायरीवरून हात फिरवला.

"तुझ्या आजीचे गुडघे दुखायचे. गाडी खेटून लावली की पाय थेट पायरीवर पडायचा. खाली उतरावं लागायचं नाही."

"पण आता..." शाल्मली थांबली.

"हो. हात आपोआप वळतो गं."

दोघांनी मिळून स्टेपनी (जादा चाक) लावली. आजोबांनी तिची हवा तपासली.

"आता चला," गुंड्या म्हणाला.

घाटात शाल्मलीने विचारलं, "तुटलेले धागे आपोआप जुळतील असा टायर होईल?"

"रबराच्या बारीक भेगा बुजायला लागल्यात. धाग्यांचं अजून कुणाला जमलेलं नाही."

"मी करून बघेन."

"बघ. मला माहीत आहे तेवढं सगळं सांगेन," आजोबा म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा ते जरा हसले.

वेंगुर्ल्याला मावशीआजी दारातच उभी होती. आजोबांनी स्टिअरिंग हातात घेतलं आणि गाडी पायरीपासून चांगली हातभर लांब थांबवली.

"अहो भावोजी, इतकी लांब का लावलीत?"

"असू दे," आजोबा म्हणाले. "टायरला बरं असतं."