दहापैकी दहा

पितृपंधरवड्यात सिनेमाच्या तंबूकडं माणूस फिरकत नाही, ही बन्सीधररावांची दरवर्षीची तक्रार होती. हे दिवस करमणुकीचे नाहीत, म्हणून जिंतूरची माणसं घरी बसायची. एकोणीसशे एक्केचाळीस साली बन्सीधररावांनी त्यावर उपाय काढला. मुंबईच्या एका दलालाकडून त्यांनी पंधरा दिवसांसाठी भुतांची पंधरा चित्रं मागवली. रोज एक.

"पितर तर खाली यायलेच हायेत," ते मला म्हणाले, "मग लोकांनी भुतं बघितली तर काय बिघडलं, दत्तोपंत?"

मी तेव्हा जिंतूरच्या शाळेत मराठी शिकवायचो. राज्य निजामाचं, शाळा उर्दूची, मराठीचा मास्तर मी एकटा. तंबूत लागणारं प्रत्येक चित्र आधी कुणा शिकलेल्या माणसानं बघावं आणि त्यात वावगं काही नाही असं लिहून दस्तखत करावं, असा हुकूम होता. ते काम माझ्याकडं आलं. सकाळची शाळा सुटली की जेवून मी बन्सीधररावांच्या सरकीच्या गोदामात जायचो. दारं लावून घेतली की तिथं भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. एक भिंत चुन्यानं पांढरी केली होती. बाहेर इंजिन धडधडायचं, आणि माझ्या पाठीमागं चंद्रभान मशीन चालवायचा.

गोदामाच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या सरकीचा ढीग तसाच पडला होता. पावसाळ्यात त्यावर छत गळलं होतं. ओली सरकी कुजली की तिला एक आंबूस, तेलकट वास येतो. तो नाकात नाही, घशात बसतो. ढिगात अळ्या झाल्या होत्या. मी नाकाला उपरणं लावून बसायचो.

खरं तर दाखल्यावर नुसतं दस्तखत करायचं होतं. पण मास्तरकीची खोड. पहिल्याच दिवशी मी चित्राच्या नावापुढं गुण लिहिले. आमच्याकडं गुणांना नंबर म्हणायचे. त्या चित्रातल्या हडळीनं तोंडाला पीठ फासलं होतं आणि ती हसली की पिठाला भेगा पडायच्या. दहापैकी दोन नंबर दिले. दुसऱ्या दिवशीच्या सांगाड्याची तार दिसत होती, त्याला तीन. एक मुडदा तिरडीवर पडल्या पडल्या शिंकला, त्याला एक. एका विहिरीतून नुसताच हात वर आला, त्याला सहा दिले.

चंद्रभाननं हे बन्सीधररावांना सांगितलं. त्यांनी तंबूच्या दारात फळा लावला आणि त्यावर खडूनं रोज माझे नंबर लिहायला लागले. लोकांना गंमत वाटली. बाजारात माणसं थांबवून विचारायची, "मास्तर, आज किती?" तंबू भरायला लागला. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? भीती मला वाटायचीच नाही. रंगवलेल्या जखमांची, नकली रक्ताची फक्त किळस यायची, आणि हे मी चार लोकांत मोठ्यानं सांगायचो.

माझी बायको प्रभावती मात्र नाराज होती. "जेवून उठता आणि मुडदे बघायला जाता," ती म्हणायची. "अंगावर काटा येतो मला." ती तंबूकडं एकदाही फिरकली नाही.

नववा दिवस अविधवा नवमीचा. नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांना त्या दिवशी जेवू घालतात. गावात घरोघरी तळण चाललं होतं. मी गोदामात पोचलो तेव्हा चंद्रभान एका डब्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटत होता. बाकीच्या डब्यांवर चित्राचं नाव लिहिलेली चिठ्ठी असायची, यावर काहीच नव्हतं. झाकण निघालं आणि वास आला. चार दिवस झाकून राहिलेल्या कढीच्या पातेल्याला येतो, तसला. आतली फीत चिकट होती. चंद्रभाननं बोटं धोतराला पुसली, पुन्हा पुसली.

"मास्तर, ह्यो डबा आपला न्हाई वाटायलाय. लावू का नगं?"

"लाव," मी म्हणालो. "वासाचा एखादा नंबर कापू फार तर."

दारं लागली. भिंत उजळली.

चित्राला नाव नव्हतं, आवाजही नव्हता. एक अंगण होतं. माणसं पंगतीला बसली होती, पुरुष, बाया, पोरं, आणि पुढं पत्रावळी. एक बाई वाढत होती. आपल्याकडं तिची पाठ. कोपरापर्यंत बांगड्या, आणि हात मनगटापर्यंत ओला. ती पातेल्यात हात घालायची, मूठ भरून पत्रावळीवर सोडायची, पुढं सरकायची. बस, एवढंच. मला आधी भात वाटला. मग तो पत्रावळीवर हलला.

माणसं जेवत होती. चेहऱ्यावर समाधान, सणाच्या जेवणाला असतं तसं. एका म्हाताऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून काहीतरी वळवळत खाली पडलं. त्यानं ते चिमटीत धरून पुन्हा तोंडात ठेवलं. मान वळवावी म्हटलं, पण वळेना. बाई पंगतीच्या शेवटाकडं यायला लागली. अगदी पुढं, चित्राच्या खालच्या कडेला एक पत्रावळ मांडलेली होती. तिच्यापुढं कुणी बसलेलं दिसत नव्हतं. बाई तिथं आली... वाकली... आणि मला वाढावं तसं तिनं त्या पत्रावळीवर वाढलं.

तेव्हा मला चावण्याचा आवाज ऐकू आला. ओला, सावकाश. चित्र मुकं होतं. आवाज माझ्या मागून येत होता.

फीत संपली. भिंतीवर नुसता पांढरा उजेड पडला. मी मागं वळलो. चंद्रभान मशीनपाशी नव्हता. तो कोपऱ्यातल्या ढिगापुढं मांडी घालून बसला होता आणि दोन्ही हातांनी कुजकी सरकी तोंडात भरत होता. ओठांना कापसाचे तंतू लोंबत होते. हनुवटीवर एक अळी होती.

"अरे थुंक!" असं ओरडायला मी तोंड उघडलं. शब्द फुटला नाही. माझंही तोंड भरलेलं होतं.

बाहेर भिंतीशी वाकून मी काय काय ओकलो ते सांगत नाही. किती तरी वेळ जिभेवर ते तंतू येत राहिले. बोटानं ओढावा तर घशातून आणखी लांब निघायचा. चंद्रभान मात्र ओकला नाही. त्यानं सदऱ्यानं तोंड पुसलं, ढेकर दिली आणि हळूच म्हणाला, "लय दिसानं पोट भरलं, मास्तर."

बन्सीधरराव फाटकातच भेटले. "किती?"

त्याच वेळी सगळं सांगायला हवं होतं. पण अळ्या पडलेली सरकी मी खाल्ली, हे कुठल्या तोंडानं सांगू? गावानं मला काय म्हटलं असतं?

"हे चित्र लावू नका," मी म्हणालो. "मी दस्तखत देणार नाही."

"कामून? काय हाय त्यात?"

"काही नाही... जेवणावळ आहे."

ते हसायला लागले. "जेवणावळीला भ्यालाव तुमी? अहो, मास्तर भ्याले म्हंजे चित्र भारीच असलं पायजे!"

दाखला मी कोराच ठेवला. मान खाली घालून घरी आलो. मीठ लावून दात घासले, पुन्हा घासले. प्रभावतीला म्हणालो, पित्त झालंय.

दिवेलागणीला शाळेचा शिपाई आश्रुबा दारात आला. "मास्तर, दहापैकी दहा दिले म्हणं आज! फळ्यावर लिवलंय. समदा गाव चाललाय."

मी तसाच अनवाणी पळालो.

तंबू आठवडी बाजाराच्या मैदानात होता. रोज लांबूनच शिट्ट्या आणि पोरांचा कालवा ऐकू यायचा. त्या दिवशी नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मी कनात उचलून आत गेलो. आत तीनशे माणूस बसला होता, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. सगळ्यांच्या तोंडावर पडद्याचा उजेड, आणि सगळे चावत होते. कुणी खाली अंथरलेलं गवत खात होता, कुणी माती. एक म्हातारा चपलेचा पट्टा दातांनी तोडत होता. एक बाई पदराचा बोळा गिळत होती आणि तो गळ्यात अडकून पुन्हा बाहेर येत होता. एका आईनं मांडीवरच्या लेकराला चिमूटभर माती भरवली. लेकरानं ती खाऊन आणखी मागायला तोंड उघडलं. पुढं खुर्चीवर बसलेले बन्सीधरराव तंबूचा दोर चघळत होते.

पडद्याकडं मी बघितलं नाही. ती वाढणारी बाई कुठवर आली असेल हे मला ठाऊक होतं. मी मशीनकडं धावलो. चंद्रभान चित्राकडं बघत उभा होता, तोंड हलत होतं. मी फिरतं चाक उजव्या हातानं घट्ट धरलं. फीत दिव्यापुढं थांबली. आधी तिला फोड आला, मग भडका उडाला. माझ्या तळव्याची कातडी चाकाला चिकटून निघाली. जाळ कनातीला लागला.

आणि कुणी ओरडलं नाही. पडदा विझला तशी माणसं उठली, पंगत उठावी तशी, आणि हात पुसत ओळीनं बाहेर पडली. चंद्रभानला मी बखोटीला धरून ओढत काढलं. त्या आगीत एकही माणूस मेला नाही, एवढं एक पुण्य.

दुसऱ्या दिवशी जिंतुरात एकाही घरातून धूर निघाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुणी आजारी नव्हतं. माणसं ओट्यावर बसून ढेकरा देत होती. तंबूत आपण काय खाल्लं ते कुणालाच आठवत नव्हतं. मी दोघातिघांना सांगून पाहिलं, तर ते माझ्याकडं दयेनं बघायला लागले. बन्सीधररावांचा अख्खा तंबू जळाला होता, पण मला बघून ते एवढंच म्हणाले, "मास्तर, ते चित्र आणखी कुठं मिळंल का?" चंद्रभानचा भाऊ येऊन त्याला राणीसावरगावला घेऊन गेला. पुढं त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवसापासून गावात चुली पेटल्या. आमची तर रोजच पेटत होती. प्रभावती मला पेज करून घालायची, माझ्या भाजलेल्या हाताला कोरफड लावायची. संपलं, असं मला वाटलं.

सर्वपित्री अमावास्येला मी हाताची पट्टी बदलायला दवाखान्यात गेलो होतो. दुपारी परत आलो तर आमच्या घरातून धूर दिसेना. दार उघडंच होतं. प्रभावती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. माझ्यापुढं ती कधी अशी बसत नसे. चूल थंड होती.

"स्वयंपाक नाही केलास?" मी विचारलं.

"पोट भरलंय हो..."

"कशानं?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि इतकं गोड हसली. दातांच्या फटींत काहीतरी काळं अडकलं होतं.

"आत्ताच तर वाढून गेली ना ती," प्रभावती म्हणाली. "तुमचं झाकून ठेवायला सांगितलंय."

चुलीपुढं तीन पत्रावळी होत्या. आमच्या घरात पत्रावळी नव्हत्या. एक पुसून लख्ख केलेली. दुसरीवर तिसरी पालथी घालून झाकली होती. खिडकी बंद होती, वारा नव्हता, तरी ती वरची पत्रावळ मधूनमधून जराशी उचलत होती.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. भाजलेला हात ठसठसत होता. आणि कुणाला कधी सांगितलं नाही ते आता सांगतो... माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.