धरून ठेवा

आईने मला पंडरीच्या कापड बाजारात दोन सुती साड्या आणायला पाठवलं होतं. शाळेत नेसायला. फिक्या रंगाच्या, बारीक काठाच्या, 'बाईंना' शोभतील अशा. मी साड्या घेतल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि घरी जायच्या ऐवजी सरळ समता कॉलनीची रिक्षा पकडली. मंगळवारची दुपार होती, लख्ख ऊन होतं. भुतांचा विचार करायची ती वेळच नव्हती.

छत्तीसगढ राज्य होऊन पाच वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं आणि आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जो तो सरकारी नोकरीची स्वप्नं पाहू लागला. मला शिक्षाकर्मीची, म्हणजे सरकारी शाळेत शिकवायची, ऑर्डर आली, जशपूरच्याही पलीकडच्या एका गावात. सोमवारी हजर व्हायचं होतं. बाबा रेल्वेत. त्यांनी त्याच संध्याकाळी माझं रविवारचं रायगढपर्यंतचं रिझर्व्हेशन करून आणलं. पुढे बस.

"मले विचारलं का कोणी?" मी म्हटलं.

"तुले काय विचारायचं? सरकारी हाय."

आमच्या घरात या चार अक्षरी शब्दानंतर कोणी बोलत नाही. मी बोलले. तासभर बोलले. मी एम.ए. झालेय, कॉलेजच्या पाच वर्षांत सात नाटकं केलीत, मला नटी व्हायचंय. बाबा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिले. आई म्हणाली, "नाटक काय, जशपूरला पण करता येते पोरींचं गॅदरिंग."

त्याच आठवड्यात देवांगन भैयांनी बोलावलं. छत्तीसगढी सिनेमे काढणाऱ्यांपैकी एक. त्यांची हिरोईन होती भुवनेश्वरची. दिसायला चांदणी, पण छत्तीसगढीतला साधा 'हव', म्हणजे 'हो', तिच्या तोंडून निघेना. तिला आवाज हवा होता.

"शनिवार तक पूरी डबिंग निपटा दे, ज्ञानदा," भैया म्हणाले. "अगली फिल्म में चेहरा भी तेरा, आवाज़ भी तेरी. नहीं निपटी तो सोमवार को बाहर से दूसरी लड़की बुलाऊँगा. रिलीज़ की तारीख़ छप गई है."

म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंत एक तर सिनेमा, नाही तर जशपूर. मी 'हव' म्हटलं. चांगलं म्हटलं.

स्टुडिओ समता कॉलनीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली डॉक्टर पद्मजाकाकू राहायच्या, पांढरा बॉबकट, सत्तरीच्या, सकाळी दोन तास पेशंट बघायच्या. वर त्यांच्या जुन्या नर्सिंग होमच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. आवाज रेकॉर्ड करायची खोली म्हणजे पूर्वीची एक्स-रेची खोली. भिंती जाड, खिडकी एकही नाही, दाराला शिशाचा पत्रा. भैयांना आनंद झाला होता, कारण आवाज आत-बाहेर जाणार नाही याची सोय आयतीच होती. फक्त एका भिंतीत काच बसवली, म्हणजे पलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट दिसेल. दार लावलं की भर दुपारी आत अमावस्या. समोर छोटा पडदा, डोक्यावर एक लाल बल्ब, आणि एक वास... आंबूस. लिंबाच्या लोणच्याला बुरशी धरावी तसा. आणि त्याखाली फिनाइल.

रेकॉर्डिस्ट होता निरंजन. आडनावाने अस्सल मराठी, घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं, मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र हिंदीत.

"निरंजन, आपण मराठीत बोलू ना."

"हाँ, बोल ना. मैं सुन रहा हूँ."

काम असं: सिनेमाचा एक तुकडा, त्याला लूप म्हणतात, पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरतो. लाल बल्ब लागला की हिरोईनच्या ओठांवर आपला शब्द बसवायचा. ऐकायला सोपं आहे. माझा एकही बसेना. मी नाटकवाली. शब्द सुरू करण्याआधी मी अर्धा श्वास उधळून टाकायचे आणि उरलेला शेवटच्या रांगेतल्या काकांपर्यंत फेकायचे.

"यहाँ आख़िरी लाइन है ही नहीं, माता," निरंजन दार उघडून सांगायचा, मग काचेपलीकडून हात जोडायचा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत नऊ लूप झाले. उरले दोनशेच्या वर. रात्री आईने साड्यांना फॉल लावायला घेतला.

बुधवारी दुपारी पहिल्यांदा ऐकू आलं.

लूप फिरत होता. बल्ब लागायच्या जरा आधी हेडफोनमध्ये कोणी तरी हळू, समजुतीच्या सुरात म्हणालं, "श्वास घ्या..."

मी घेतला.

"धरून ठेवा..."

मी धरला. बल्ब लागला. मी बोलले. शब्द हिरोईनच्या ओठांवर असा बसला की जणू तिनेच म्हटला.

"अरे वाह!" काचेपलीकडे निरंजन उभाच राहिला. हे मला दिसलं, ऐकू आलं नाही.

मी खूश. एक तर काम जमलं, दुसरं म्हणजे या पोट्ट्याच्या तोंडून शेवटी मराठी निघाली. ती पण 'घ्या, ठेवा' अशी आदराची! पुढच्या लूपला पुन्हा तेच. श्वास घ्या... धरून ठेवा... प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे, जसं काही समोर भ्यालेलं माणूस उभं आहे. त्या दिवशी चाळीस लूप झाले. गुरुवारी साठ. शुक्रवारी सत्तर.

शुक्रवारी चहा पिताना मी म्हटलं, "थँक्यू हं. ते श्वासाचं सांगतोस ना, त्याने फार सोपं झालं."

"कौन सा श्वास?"

"अरे, हेडफोनमध्ये सांगतोस ते."

निरंजन हसला. "मैं कैसे बोलूँगा? इधर का माइक महीने भर से ख़राब है. इसीलिए तो हाथ जोड़ता हूँ."

मी पण हसले. मला वाटलं, थट्टा करतोय. थट्टेखोर होताच तो. पण संध्याकाळी जिना उतरताना मी कठडा जरा घट्ट धरला होता, हे खरं.

शनिवारी चार वाजता एकच लूप उरला. सिनेमाचा शेवट. खलनायक हिरोईनचा हात धरून ओढतो, ती आधी गप्प, डोळे विस्फारलेले, छाती भरून श्वास घेतलेला... आणि मग ओरडते, "छोड़ मोला!" दोन शब्द. भैया सोफ्यावर बसून होते. आणि माझं नशीब, बाबा आले. रविवारच्या गाडीचं तिकीट खिशात घेऊन, मला घरी न्यायला.

"किती वेळ हाय अजून?"

"बाबा, एकच राहिलंय. काहून आले तुम्ही?"

"सामान कोण बांधन? तुही माय एकटी?" एवढं बोलून त्यांनी तोंडात खर्रा भरला आणि काचेपलीकडे निरंजनच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तोंडात खर्रा असला की बाबा अर्धा तास बोलू शकत नाहीत. घरातला तेवढाच शांततेचा वेळ.

मी आत गेले. दार लागलं. अंधार, तो आंबूस वास. आज जास्तच. डोळ्यांत झोंबेल इतका. लूप फिरायला लागला. मी काचेकडे बघत होते. निरंजनच्या तोंडाला चहाचा कप. बाबांचे गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. भैया मागे, फोनवर, पाठमोरे.

आणि माझ्या कानात, अगदी कानाजवळ...

"श्वास घ्या..."

काचेपलीकडे कोणाचेच ओठ हलले नव्हते.

मला घ्यायचा नव्हता. तरी घेतला गेला. माझी छाती आपोआप वर आली, जसा कोणी आतून फुगा फुगवावा.

"धरून ठेवा..."

बल्ब लागला. पडद्यावर तिचे ओठ उघडले. माझे उघडेनात. लूप संपला, पुन्हा सुरू झाला. बल्ब विझला, पुन्हा लागला. मला श्वास सोडता येईना. फासळ्या कोणी दोरीने बांधाव्यात तशा. कानात कसलाच आवाज नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, गेल्या चार दिवसांत त्या आवाजाने मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. घ्या. धरून ठेवा. तिसरी कधीच नाही...

तिसऱ्यांदा बल्ब लागला. डोळ्यांपुढे काजवे. काचेपलीकडे बाबा उभे राहिले होते. त्यांचा तळवा काचेवर. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगते, भीतीपेक्षा राग मोठा आला. म्हटलं, हा पण? घरचे कमी होते, म्हणून मेलेले पण आले सांगायला? साडी नेस, गाडीत बस, नोकरी धर, श्वास धर! सगळे धरायलाच सांगणारे. सोड म्हणणारं कोणी नाहीच का या रायपुरात? आणि मी तरी कोणाच्या सांगण्याची वाट बघत उभी आहे?

माझ्या पोटातून, नागपूरच्या आजोळी शिकलेल्या भाषेत, जे निघायचं ते निघालं.

"सोड मले!"

बल्ब विझला. हेडफोनमध्ये, माझ्या आवाजाच्या पाठोपाठ, कोणी तरी लांब, फार लांब उसासा टाकला. ओझं उतरवून ठेवताना हमाल टाकतो तसा. मग नुसती खरखर.

मी दार ढकलून बाहेर आले, धापा टाकत. "सॉरी भैया, मराठी निघालं तोंडातून. परत करते."

देवांगन भैया आ वासून पडद्याकडे बघत होते. "निरंजन, फिर से चला." निरंजनने चालवलं. पडद्यावर हिरोईनच्या ओठांनी 'छोड़ मोला' म्हटलं आणि त्यावर माझं 'सोड मले' असं बसलं होतं की केसभर फट नाही. छोड़ आणि सोड, मोला आणि मले. ओठांना काय फरक पडतो?

"मराठी है, भैया."

"है तो है. ऐसी जान दोबारा आएगी? रहन दे. बीरगांव का मज़दूर पब्लिक सीटी मारेगा." ते हात चोळत म्हणाले, "अगले महीने तेरी फिल्म. चेहरे के साथ."

मी बाबांकडे वळले. ते अजून काचेपाशीच होते. बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून वाकून त्यांनी अख्खा खर्रा थुंकून टाकला. त्यांना अर्ध्यात खर्रा टाकताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"बाबा, मी जशपूरला जाऊन नाही राहिली."

"ते तं आयकलं मी," ते म्हणाले. "साऱ्या समता कॉलनीनं आयकलं असन." मग खिशातलं तिकीट काढून बघत, "उद्या सकाळी क्यान्सल करतो. आणि फॉल लावलेल्या साड्या दुकानदार घेत नाही, त्या नेसजो तुह्या सिनेमात."

"हिरोईन सुती साडी नाही नेसत, बाबा."

"मंग हिरोइनीची माय होजो. चालू तं कर कुठून तरी."

मी तिथेच भांडणार होते, पण ते हसत होते. त्या दिवशी आम्ही स्कूटरवरून घरी जाताना दोन वेळा समोसे खाल्ले. आईने दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होती, "आमची ज्ञानदा पिक्चरात हाय."

त्या तिसऱ्याच दिवशी, सकाळी दहाला, मी पुढच्या सिनेमाची संहिता घ्यायला गेले, तर पद्मजाकाकूंनी खाली दवाखान्यात बोलावलं.

"शनिवारी वरच्या स्पीकरवर ऐकलं, तूच ओरडलीस ना? बस. कोणी तुला श्वास धरायला सांगत होतं का गं?"

मी बसलेच.

"यशवंतराव," काकू म्हणाल्या. "आमचे एक्स-रे काढणारे. मराठी पेशंट आला की मराठीतून सांगायचे, फार मायेने. बारा वर्षं झाली. दुपारी चारला त्या खोलीतच खुर्चीवर गेले. मी जिन्यात होते, दार अर्धवट उघडं होतं. 'श्वास घ्या' ऐकलं, 'धरून ठेवा' ऐकलं. 'सोडा' म्हणायच्या आधीच..."

"म्हणून ते," मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं. बिचाऱ्याचा एक शब्द राहिला होता, मी म्हणून टाकला. "झालं मग. सुटले."

"ते सुटले असतील," काकू म्हणाल्या. "पण त्या दुपारी पेशंट कोणीच नव्हता, ज्ञानदा. रजिस्टरात नाव नाही. मी धावत आत गेले तेव्हा स्टँडसमोर कोणी नव्हतं. मशीनमधल्या प्लेटवर मात्र फोटो काढलेला होता. मी ती डेव्हलपरच्या आंबूस पाण्यात धुवून घेतली."

त्यांनी कपाटातून एक जुनी, पिवळट काठांची प्लेट काढली आणि खिडकीच्या उन्हात धरली. एका छातीचा फोटो. फासळ्या, मध्ये हृदयाची सावली.

"बारा वर्षं मी ही नर्सिंगच्या मुलींना दाखवत आले. पूर्ण श्वास धरलेली छाती कशी दिसते ते शिकवायला. फुप्फुसं लांब, काळीभोर, छातीखालचा श्वासाचा पडदा पार खाली गेलेला. गेल्या बुधवारीही दाखवली." त्यांनी प्लेट माझ्या जवळ आणली. "आता बघ."

मला एक्स-रेतलं काही कळत नाही. पण एवढं मलाही दिसलं. फुप्फुसं आखूड झाली होती. पडदा वर आला होता. फासळ्या खाली उतरल्या होत्या.

"सोडलाय," काकू कुजबुजल्या.

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मी प्लेटकडे बघत राहिले, आणि मनात आलं ते बोलून गेले.

"काकू... श्वास सोडला, म्हणजे हा जो कोणी आहे तो आता परत घेईल ना?"

त्यांनी प्लेट पटकन पालथी घातली.