मागचं बटण

(मेन्स ऑन)

"मोबाईल चार्जिंगले लावू का जी थोडा?"

सौंसरच्या अभ्यासिकेच्या दारात तो उभा. खांद्याला अवजारांची पिशवी, शर्टावर पांढुर्ण्याच्या इन्व्हर्टरच्या दुकानाचं नाव, खाली त्याचं — श्रीकांत.

बाबांची अभ्यासिका सांभाळणाऱ्या हिमानीला हसू आवरेना. "इन्व्हर्टरवाल्याचाच मोबाईल डिस्चार्ज?"

"रामाकोन्याहून येऊन राहिलो. दिवसभर लोकायच्या बॅटऱ्या पाह्यल्या, माह्यी राहून गेली."

तेवढ्यात कोपऱ्यातलं इन्व्हर्टरचं मशीन केकाटलं. वीज तर होती! श्रीकांतनं मशीनच्या मागे हात घातला.

"हे बटण वर आहे. वर असलं का मशीन नखरे करते. संत्र्याच्या बागेतले पंप सुरू झाले, व्होल्टेज पडलं, का म्हन्ते — असली लाइन नाई पाह्यजे मले. मंग बॅटरी खात बसते, चार्ज करत नाई." टक्. बटण खाली. "आता कमी व्होल्टेजवरबी भागवून घेईन. नखरे बंद."

"मशीनचेच ना?"

त्यानं वर पाहिलं. कान लालेलाल.

(बटण वर)

पुढच्या आठवड्यात मशीन पुन्हा केकाटलं. मग पुन्हा. दर वेळी पांढुर्ण्याला फोन, दर वेळी श्रीकांत, दर वेळी चहा... आणि जाताना, तिच्याकडे न पाहता — टक्.

आणि तो गेला की, मशीनमागची धूळ पुसता पुसता हिमानीचं बोट त्या बटणावर...

एवढंसं बोट!

(लो बॅटरी)

तळापर्यंत उपसून उपसून बॅटरी एका संध्याकाळी मेलीच. लाइट गेले. पोरी मोबाईलच्या उजेडात वाकून बसल्या.

"ताई, उद्या पेपर आहे माह्या," सुचिता म्हणाली. रागानं नाही, म्हणून जास्त लागलं.

बाबांनी दुकानमालकाला फोन लावला. "मधुकरराव, तुमचा पोट्टा कामाचा नाई. इतक्यांदा आला, काय केलं त्यानं?"

"उद्याच काढतो त्याले."

हिमानी तिथेच उभी होती. हातात धूळ पुसायचं फडकं. ते फडकं तिला कुठे लपवावं कळेना.

सकाळी तिनं मधुकररावांना फोन लावला. समोर बाबा, पेपर वाचत.

"काका, श्रीकांतची चूक नाही. बटण मी वर करत होती."

"तू? काहून?"

पेपर खाली आला. बाबा बघत होते. खोटं बोलायला एक क्षण होता, तोही गेला.

"तो... परत यावा म्हणून."

हातातलं फडकं तिनं मुठीत चुरगळलं. पलीकडे मधुकरराव खाकरले.

"काल त्याले विचारलं म्या. म्हने, माह्याच हातानं चुकलं. नाव काई घेतलं नाई त्यानं तुह्यं." मग म्हणाले, "राहू देतो त्याले."

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून! दर वेळची ती टक्... हिमानीनं फडक्यात तोंड लपवलं. बाबा अंगणात निघून गेले.

(चार्जिंग)

रविवारी दारात श्रीकांत. शर्ट इस्त्रीचा. पिशवी नाही, त्यामुळे हातांचं काय करावं हेच त्याला सुचत नव्हतं.

"आता काय बिघडलं?" बाबांनी विचारलं.

"काई नाई जी."

"मंग काहून आला?"

तो शरमला. खिसे चाचपले. हिमानीपुढे मोबाईल धरला, जमिनीकडे बघत.

"थोडा... चार्जिंगले..."

तिनं पाहिलं. "फुल आहे."

"हाव," तो म्हणाला.

तिनं तरी लावला.