फेर्मीनचं कार्ड

आमच्या सायकल मंडळाची सहल दर वर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी निघते. सकाळी सातला गाव सोडायचं, गव्हाच्या सपाट मुलखातून एकशे ऐंशी किलोमीटरचा वळसा घालायचा, सहा ठिकाणी सहा शिक्के घ्यायचे आणि सहावा शिक्का आपल्याच गावात मारून बसायचं. शिक्के बारचे. आमच्याकडे बार कितीही लहान असो, त्याचा रबरी शिक्का काउंटरखाली असतोच. प्रत्येकाजवळ एक पिवळं कार्ड, त्यात सहा चौकटी. चौकटीत शिक्का आणि खाली पोचल्याची वेळ, स्वतःच्या हातानं लिहिलेली.

नियम असा की ज्यानं त्यानं आपलं कार्ड पुढे करायचं. रिवाज मात्र वेगळा आहे. जो आधी पोचतो तो सगळ्यांची कार्डं गोळा करतो, गठ्ठ्यावर एकामागून एक शिक्के मारतो आणि बाकीचे तोवर चौकातल्या कारंज्याखाली डोकी भिजवतात.

मी लेआन्द्रो. गावच्या धान्य सहकारी संस्थेत वजनकाट्यावर बसतो. अठ्ठावीस वर्षांत ट्रक काट्यावर चढल्याशिवाय मी एकाही पावतीवर शिक्का मारलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण काट्यावर जे कधी केलं नाही, ते मी सायकलवर केलं.

गेल्या वर्षी आम्ही नऊ जण होतो. फेर्मीन नेहमीसारखा शेवटी. तो गावचा बेकर, वय एकसष्ट, पोट सुटलेलं, रविवारीसुद्धा नखांत पीठ. खिशात बडीशेप घातलेली गोल बिस्किटं असायची, ती तो वाटेत सगळ्यांना वाटायचा. फोन कधी बाळगला नाही. चौथ्या गावात, कास्त्रोमेदिएलला, तो कारंज्याच्या कडेवर बसला आणि त्यानं आपलं कार्ड माझ्या हातात दिलं. पाचव्या गावचा, बियामोराचा बार तीनला दुपारच्या झोपेसाठी बंद होतो.

“घेऊन जा रे. तीनच्या आत काही मी तिथं पोचत नाही.”

“आणि कुणी विचारलं, हा कुठाय?”

“सांग, पोट पुढे आलंय, माणूस मागून येतोय. व्हा पुढे. येतोच मी.”

मी हसलो आणि निघालो. बियामोराला त्याच्या कार्डावर शिक्का मारला, खाली लिहिलं, २:४०. संध्याकाळी गावातल्या बारमध्ये पोचलो तेव्हा तो आलेला नव्हता. सहावी चौकट कोरी सोडली असती तर पाचवीबद्दल कुणी तरी विचारलं असतं. म्हणून तीही भरली. ६:१०. कार्ड इतरांबरोबर टोपलीत टाकलं.

आठ वाजता त्याच्या बायकोचा, बिसितासिओनचा, बारवर फोन आला. तो आमच्या अध्यक्षानं घेतला. ओबदुलिओ त्याचं नाव, निवृत्त पोस्टमन, भारी थट्टेखोर. “वहिनी, उगाच काळजी करता. त्याचं कार्ड आहे माझ्या हातात, पूर्ण भरलंय. पोचलाय तो. असेल कुठे तरी घसा ओला करत.”

मी त्याच्या कोपराला कोपर लावून उभा होतो. तोंड उघडायचं होतं, एवढंच. खोट्या शिक्क्याबद्दल आम्हा दोघांना मंडळातून काढलं असतं, यापलीकडे काही झालं नसतं. मला वाटलं, जवळच्या रस्त्यानं येत असेल. मी ग्लास रिकामा केला आणि घरी जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाटकऱ्याला मेलेला सापडला. कास्त्रोमेदिएल आणि बियामोराच्या मध्ये, एकतीस किलोमीटरच्या दगडापाशी, रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कोरड्या पाटात. कमरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळपर्यंत जिवंत असणार. नक्की किती वाजता गेला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. गावानं ठरवलं की काही तरी पडलं म्हणून तो परत मागे गेला असेल. साठ किलोमीटर मागे? पण कार्ड होतं ना! कार्डापुढे कुणाचं काय चालणार?

ते कार्ड बिसितासिओननं काचेत बसवून बेकरीत, काउंटरच्या वर लावलं. गावात दुसरी बेकरी नाही. वर्षभर रोज सकाळी मी त्या काचेखाली उभा राहून पाव घेतला आणि एकदाही मान वर केली नाही. “निदान सहल पुरी तरी केली त्यानं,” ती गिऱ्हाइकांना सांगायची. मला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी मी गप्पच राहायचो.

या वर्षीची सहल फेर्मीनच्या नावानं काढली. आम्ही आठ जण. सकाळी मी बेकरीत फोन करून सगळ्यांसाठी पाव सांगितले, मग निघालो. पहिली दोन गावं नेहमीसारखी गेली. कुठे बटाट्याचं ऑम्लेट, कुठे दुधाची कॉफी, चर्चच्या मनोऱ्यावर चोच वाजवणारे करकोचे. तिसऱ्या गावात ओबदुलिओनं शिक्के मारले आणि कार्डं परत वाटली. माझ्या कार्डात पाचव्या चौकटीत एक पुसट जांभळा डाग दिसला. गठ्ठ्यात ओलं कार्ड वर बसलं असेल, दुसरं काय!

चौथ्या गावात, कास्त्रोमेदिएलला, माझं मागचं चाक बसलं. मी ट्यूब बदलायला घेतली. ओबदुलिओनं शिट्टी मारली.

“येतोस का तुझ्या चाकाची उत्तरक्रिया उरकून?”

“व्हा पुढे. येतोच मी.”

तोंडून गेल्यावर माझेच शब्द मला ऐकू आले. गेल्या वर्षी याच कारंज्यावरून हेच शब्द आले होते. मी घाईनं कार्ड बाहेर काढलं. पाचव्या चौकटीतला डाग आता डाग राहिला नव्हता. बियामोराच्या बारचा शिक्का होता, घागर आणि द्राक्षाचा घड. बियामोरा अजून सोळा किलोमीटर पुढे होतं. वेळेची जागा रिकामी होती.

मी काट्यावरचा माणूस. डोळ्यांनी पाहिलेलं मी दोनदा तपासतो. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. अंगठा जांभळा झाला. कार्ड पाठीच्या खिशात घातलं, चेन ओढली आणि निघालो.

रस्त्यावर कुणी नव्हतं. त्या वेळी तिकडे कुणीच नसतं. दोन्ही बाजूंना पिकलेला गहू, वारा पडलेला, डांबर टायरला चिकटत होतं. दूरवर मातीचा पडका कबुतरखाना. अठ्ठाविसाच्या दगडापाशी मला बडीशेपेचा वास आला. पाटाच्या कडेला रानबडीशेप उगवते, मी स्वतःला सांगितलं. पण हा वास भट्टीतून आत्ता काढल्यासारखा गरम आणि गोड होता. तो माझ्या पुढे नव्हता. मागून येत होता, माझ्याच वेगानं.

मागे बघायचं नाही, असं ठरवलं. एकतिसाव्या दगडाला आपोआप ब्रेक दाबले गेले.

कार्ड काढलं. वेळ लिहिली होती. पेन्सिलीनं, डावीकडे कललेल्या आकड्यांत. २:४०.

घड्याळात दोन एकोणचाळीस.

पुढचं चाक कशानं वळलं ते मला सांगता येत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पाटाच्या तळाशी होतो. उजवा पाय मांडीपासून माझा वाटत नव्हता. साडेसहा वाजत आले होते. वर आभाळाची एक पट्टी आणि दोन्हीकडे डोक्याच्या वर गवत. एक ट्रॅक्टर गेला, मी ओरडलो, तो निघून गेला. पाठीच्या खिशाची चेन बंद होती. आत कार्ड नव्हतं. बोटांना पीठ लागलं.

फोनचा पडदा तडकला होता. खालचा भाग मेलेला, आकडे उमटत नव्हते, मदतीचं बटणही दाबलं जात नव्हतं. वर फक्त अलीकडच्या फोनांची यादी दिसत होती. दोन नावं. ओबदुलिओ. बेकरी.

ओबदुलिओला लावला. मागे ग्लासांचा खणखणाट.

“अरे, मी पडलोय! पाटात!”

“वाइनच्या पाटात ना? आम्हीही त्यातच आहोत.”

“थट्टा नाही रे. बियामोराच्या अलीकडे आहे. माझा पाय मोडलाय.”

“लेआन्द्रो, तुझं कार्ड आहे माझ्या हातात. सहाही शिक्के. सहा दहा. पोचलायस तू. ये इकडे, तुझा ग्लास भरलाय.”

फोन बंद. पुन्हा लावला, त्यानं उचललाच नाही.

यादीतला दुसरा नंबर मी तासभर दाबला नाही. पाय ठणकत होता, जीभ लाकूड झाली होती, तरी दाबला नाही. कारण तिलाही ओबदुलिओ तेच सांगणार होता, कार्ड भरलंय म्हणून. तिनं माझ्यावर विश्वास ठेवावा तर कार्ड खोटं असू शकतं हे मला सांगावं लागणार होतं. आणि ते मला कसं माहीत, तेही.

साडेसातला दाबला.

सगळं सांगितलं. कारंजं, दोन चाळीस, सहा दहा, तिचा फोन आला तेव्हा मी कुठे उभा होतो ते. शेवटी तिनं विचारलं, “कुठला दगड?”

“एकतीस.”

तिनं फोन ठेवला.

तिची पावाची गाडी आली तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ऊन अजून होतं. ती एकटीच उतरली, काठाशी आली आणि खाली बघत राहिली.

“वहिनी, ॲम्ब्युलन्स...”

“तो इथंच होता?”

“हो.”

“असाच?”

“असाच असणार.”

ती काठावर बसली. पाणी दिलं नाही, कुणाला फोन केला नाही. मांडीवर हात ठेवून बसली. मी विनवलं, रडलो. तिच्या जागी मी असतो तर बसलोही नसतो, निघून गेलो असतो. मग तिनं खिशातून माझं कार्ड काढलं. येताना बारमधून उचललं होतं.

“हे अक्षर त्याचं आहे,” ती म्हणाली. “भिंतीवरचं त्याचं नव्हतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं मला.”

“मग लावलंत कशाला?”

“सगळं गाव पाव न्यायला येतं. वर कोण बघत नाही, ते बघायचं होतं.”

गव्हावरून थोडी झुळूक आली. बडीशेपेचा वास इतका दाट झाला की तिनंही डोळे मिटले. मग तो एकदम गेला. ती उठली आणि तिनं फोन काढला. मी घड्याळ बघितलं, सवयीनं. नऊ वीस.

पाय वाचला, थोडा आखूड झाला. ऑगस्टमध्ये कुबड्या घेऊन बेकरीत गेलो. यावेळी मान वर केली. काचेत माझं कार्ड होतं, वर माझं नाव, खाली फेर्मीनचे आकडे. तिनं पाव कागदात गुंडाळला आणि पावाबरोबर जुनं कार्डही.

“हे तुझं,” ती म्हणाली. “ते त्याचं.”

घरी येऊन कागद उलगडला. पहिल्या चार चौकटी होत्या तशाच, कास्त्रोमेदिएलपर्यंत. सहावी कोरी होती. पाचवीतही शिक्का नव्हता. नुसती वेळ होती, पेन्सिलीनं, डावीकडे कललेल्या आकड्यांत.

९:२०.