राखेला मुंगी

इन्स्पेक्टर नासिर मेसला सील ठोकायला आला तेव्हा दानम्माच्या हातात लाटणं होतं.

"अव्वा, मंजुश्री दवाखान्यात हाय. जेवण तुमचंच होतं."

"त्याच भांड्यातलं सगळी पोरं जेवली. त्यांना ढेकर, अन् हिलाच विष?"

मंजुश्री तिच्या बहिणीची, शिवगंगाची लेक. लातुरात क्लास करायची, मावशीपाशी राहायची. तिला आईची किडनी बसवलेली. अंगानं ती परकी समजून मोडू नये म्हणून अंगाची ताकद दाबून ठेवणाऱ्या गोळ्या रोज. आता अंग तीच किडनी मोडायला निघालं होतं, अन् पोटात काय गेलं हे डॉक्टरांना कळेना.

"गोळ्या चुकवल्या असतील," दानम्माचा लेक वीरेश म्हणाला. तो सकाळीच नांदेडहून आला होता. तिथल्या प्रयोगशाळेत अळंबीतलं प्रथिन नव्यानं घडवायचा. ते खाल्लं की आजार जवळ येत नाही, म्हणायचा. भूकंपात घर गेलं, त्यानंतर याच चुलीवर मेस चालवून दानम्मानं त्याला शिकवलं होतं.

"माझ्यासमोर गिळायची. साहेब, रक्तात गोळ्या सापडल्या का न्हाई?"

"सापडल्या."

दानम्मा थबकली. दर हिवाळ्यात पहिली सर्दी मंजुश्रीला व्हायची. औंदा अख्खी मेस खोकून राहिली होती, अन् ही ठणठणीत!

ती पोरीच्या खोलीत गेली; नासिर अन् वीरेश मागोमाग. पूजेपाशी विभूतीची डबी. मंजुश्री रोज कपाळाला लावायची, चिमूटभर जिभेवर घ्यायची. डबीत मुंग्यांची रांग शिरत होती.

"ही कुणी आणली?"

"मी, अव्वा, दिवाळीत आलो तेव्हा. मठातली हाय."

दानम्मानं चुलीतली राख आणून रांगेपुढं आडवी रेघ ओढली. मुंग्या मागं फिरल्या.

"बघा साहेब. राखेला मुंगी शिवत न्हाई. डबीत राख न्हाईच, खायची भुकटी हाय. गोळ्यांनी झोपवलेली ताकद हिनं उठवली. म्हणून सर्दी झाली न्हाई, अन् म्हणूनच किडनी मोडली." ती वळली. "तुझीच अळंबी ना रं?"

वीरेशचा चेहरा उतरला. "दाबलेल्या अंगावर चालते का, एवढंच बघायचं होतं."

"किडनीचं ठाऊक होतं?"

"एवढ्याशा चिमटीनं मोडेल असं वाटलं नव्हतं."

"आधी डबी दवाखान्यात पोचवा, साहेब. मग ह्याला न्या."

"अव्वा, मी तुझा—"

"माझ्या बहिणीनं पोट फाडून ती किडनी दिली होती. ती दवाखान्यात बाकावर बसलीय. तिला तूच सांग."

दानम्मानं शिवगंगाचा नंबर लावला आणि फोन लेकाच्या कानाला धरला.