दुकानात शेवट सांगायचा नाही

गणपती गेले तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता, म्हणून सार्थक मढवी आमच्या दुकानात शिरला. नाहीतर भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या त्या बोळात त्याचं काही काम नव्हतं. हातात हेल्मेट, गळ्यात आमच्या काल्हेर गावातल्या कुठल्याशा गोदामाचं ओळखपत्र, आणि पँटला गुडघ्यापर्यंत चिखल. तो उंबऱ्यात उभा राहून हेल्मेट निथळवत होता, आणि ते सगळं पाणी मी नुकत्याच पुसलेल्या लादीवर पडत होतं.

"आत या, नाहीतर बाहेर जा," मी म्हटलं. "मधे उभं राहून लादी धुऊ नका."

तो आत आला आणि हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर खळी पडते, हे मी मुद्दाम पाहिलं नाही… दिसलं.

दुकान म्हणजे मुख्तारचाचांची 'चाँद सीडी लायब्ररी'. चाचा माझ्या वडिलांचे, म्हणजे भाऊंचे, जुने दोस्त. त्या वर्षी, दोन हजार आठ साली, एस. वाय.च्या अकाउंट्समध्ये मला एटीकेटी लागली आणि घरात कुणी माझ्याशी धड बोलेना. तेव्हा चाचाच भाऊंना म्हणाले, "विनिताला दुपारची माझ्या काउंटरवर बसव. पोरीचं डोकं हलकं होईल." म्हणून सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर सिनेमे, असा माझा नवा संसार सुरू झाला होता.

बोळाच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. सकाळपासून त्यांची खटाखट चालू. आमच्याकडे गुपितंसुद्धा ओरडून सांगावी लागतात. फक्त शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा कुठे माणसं माणसांसारखी बोलतात. पण सवय इतकी, की पहिला तासभर शुक्रवारीही सगळे ओरडतच असतात.

सार्थक आला तेव्हा काउंटरपुढे गल्लीतला इमाद आणि त्याचे दोस्त 'राखमानव'वर बोलत होते. इंग्रजी सिनेमा, हिंदीत डब केलेला. राखेच्या रंगाचा अंगरखा घालून रात्री शहरभर फिरणारा एक दुःखी नायक. भिवंडीतली निम्मी पोरं त्या सिनेमाने वेडी झाली होती, आणि इमाद तर त्यांचा पुढारी.

"दहापैकी अकरा," इमाद सांगत होता. "ऐसी पिक्चर दुबारा नहीं बनेगी."

"नाही बनली तर बरंच," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सार्थक रुमालाने मान पुसत होता.

"क्यों, भाई? पिक्चर में क्या कमी है?"

"दिसतच नाही काही. आमच्या गोदामात लाइट गेली तरी त्याहून जास्त दिसतं. अंधार केला, पाऊस पाडला आणि हिरोने घोगऱ्या आवाजात दोन वाक्यं टाकली, की सिनेमा लगेच खोल होतो का? मी ठाण्याला पैसे भरून बघितलाय. घरी येईपर्यंत जीव घुसमटला."

इमाद काही बोलायच्या आत मीच उठले. कारण तो सिनेमा माझा होता. एटीकेटीच्या त्या वाईट आठवड्यात मी तो इथूनच घरी नेऊन एकटीने बघितला होता, आणि कितीतरी दिवसांनी मला मोकळं रडू आणि मोकळं हसू आलं होतं.

"जीव घुसमटला? मला तर बघून इतकं छान वाटलं… एवढं सगळं सोसून माणूस शेवटी…"

"बेटा," मुख्तारचाचा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "शेवट नाय. दुकानात शेवट सांगायचा नाय. धंदा बसतो माझा."

हा चाचांचा एकमेव नियम. शेवट सांगणाऱ्याला ते पावसातसुद्धा बाहेर काढायचे.

"छान वाटलं?" सार्थक माझ्याकडे बघतच राहिला. "राखमानव बघून?"

"हो. अंधारातून उजेडाकडे जाणारा सिनेमा आहे तो."

"उजेड कुठे आहे त्यात?"

"डोळे उघडे ठेवले असते तर दिसला असता, साहेब."

पाऊस कधीच थांबला होता. तो मात्र थांबला… बराच वेळ.

मग तो येतच राहिला. काल्हेरहून ड्युटी सुटली की मोटारसायकल थेट आमच्या बोळात. सिनेमा नेण्याचं निमित्त असायचं, पण नेलेला सिनेमा तो बघायचा की नाही, देव जाणे. कारण आल्याबरोबर राखमानवच सुरू व्हायचा.

"सांगा बरं, हिरो एकदा तरी हसतो का?"

"कितीदा तरी. आईबरोबर पिठात हात घालून हसतो."

"ते लहानपणीचं."

"लहानपण काय हिशेबात धरायचं नाही?"

"धरतो. तुम्ही म्हणाल ते धरतो," तो म्हणायचा, आणि मी उगाचच कपाटातल्या सीडी नीट लावायला वळायचे. कपाटाला काच होती. काचेत तो दिसायचा. तो माझ्या पाठीकडे बघून हसत असायचा, आणि त्याला वाटायचं मला कळत नाही.

इमादची माणसं एव्हाना माझ्या बाजूला आली होती. म्हणजे स्तुतीच्या बाजूला. कारणं आमची निराळी होती, पण शेवटाबद्दल बोलायची बंदी असल्यामुळे ती कुणाला कळली नाहीत. शेवटी इमादनेच पैज लावून दिली. येत्या शुक्रवारी, माग बंद असताना, सगळ्यांसमोर दोघांनी बोलायचं. हरेल त्याने जिंकणाऱ्याचं एक ऐकायचं.

"काहीही?" सार्थकने विचारलं. विचारताना बघत होता माझ्याकडे.

"काहीही," मी म्हटलं, आणि कान इतके तापले की केस पुढे ओढून घ्यावे लागले.

जाताना तो म्हणाला, "तो तुमचा उजेड शोधायचाय मला. दुकानातलीच सीडी द्या." मी पाकीट दिलं. देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. पाकीट घेऊन तो गेला तरी मी आपली हात तसाच पुढे धरून उभी.

शुक्रवारी दुकान भरलं होतं. मी रात्रभर मुद्दे पाठ केले होते. सार्थक आला, इमादने टाळी वाजवली, आणि मी तोंड उघडायच्या आत सार्थक म्हणाला, "मी हरलो."

"म्हणजे?"

"पुन्हा बघितला. विनिता म्हणतात ते बरोबर आहे. उजेड आहे. शेवटी तो खरंच घरी…"

"कौन घर?" इमाद ओरडला. "घर तो…"

"शेवट नाय," चाचा गरजले, आणि दोघेही गप्प बसले.

मी जिंकले होते. पण जिंकल्याच्या आनंदापेक्षा भांडण संपल्याचं वाईटच जास्त वाटत होतं. लोक पांगल्यावर तो काउंटरजवळ आला. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, आणि माग बंद असल्यामुळे ते मला सगळं ऐकू आलं.

"कंपनी नागपूरला नवं गोदाम उघडतेय. मला तिकडे बोलावलंय. पुढच्या रविवारी निघायचं. अजून हो म्हटलेलं नाही, पण उत्तर द्यावं लागेल." त्याने हेल्मेट उचललं. "तुमचं एक ऐकायचंय मला. काय ते सांगा."

जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. पण पैजेत जिंकून कुणाला थांबवून घ्यायचं? आणि त्याला खरंच जायचं असलं तर?

"सांगेन सावकाश," मी म्हटलं.

"सावकाश म्हणजे रविवारच्या आधी," तो म्हणाला, आणि हेल्मेट घालून गेला. खळी दिसली नाही.

पुढचे दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. आई म्हणाली, "काय झालंय गो तुला? जेवत न्हाय, बोलत न्हाय. परत नापास झालीस काय?" तिला काय सांगणार.

बुधवारी नव्या सिनेमांचा गठ्ठा आला. प्रत्येक सिनेमाच्या दोन सीडी, दोन कप्प्यांच्या पाकिटात घालायच्या. कोऱ्या चंदेरी चकत्या, वर नाव ना आकडा. एरवी ही पाकिटं चाचाच भरायचे, त्या दिवशी मी बसले. पहिली डाव्या कप्प्यात, दुसरी उजव्या.

"उलटं घालतेस, बेटा," चाचा म्हणाले. "पहिली उजवीकडे."

"उजवीकडे का?"

"का म्हणजे? सुरुवात कुठून होते?" त्यांनी हातातलं उर्दू वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं आणि उजव्या कडेवर बोट ठेवलं. "इथून. सगळी गिऱ्हाइकं आपल्या गल्लीतली, उर्दू शाळेत शिकलेली. कुणाला सांगावंच लागत नाय."

मी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

मी राखमानवची डावीकडची सीडी आधी लावली होती.

त्या संध्याकाळी मी तो सिनेमा पुन्हा बघितला. उजवीकडून. पिठात खेळणारा मुलगा सुरुवातीलाच आला. तो मोठा झाला, दूर देशी गेला, परत आला, आईने दार उघडलं, घरात दिवे लागले… आणि तिथे मध्यंतर झालं. मग दुसरी सीडी. आग. आई गेली, घर गेलं, आणि अंगावर राख घेऊन तो एकटाच काळोखात चालत निघाला. ते दार, ज्याच्यावर मी महिनाभर भांडले, ते शेवटी नव्हतंच. पहिल्यांदा बघताना शेवटची नावं मध्येच आली तेव्हा मला वाटलं होतं, आजकालची फॅशन असेल.

आधी लाज वाटली. गल्लीभर माझं हसं होणार होतं. आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, आणि मी उठून बसले. सार्थकनेही हेच पाकीट नेलं होतं. त्याने ठाण्याला सरळ बघितलेला. डावीकडची सीडी लावल्या लावल्या त्याला कळलं असणार, मी काय बघितलं होतं ते. एक वाक्य बोलला असता तर पैज त्याची होती. तरी तो भरल्या दुकानात हरून गेला, माझं हसं होऊ नये म्हणून.

मला तो आवडत होता हे मला आधीपासून माहीत होतं. किती, ते त्या संध्याकाळी कळलं.

इमादकडे त्याचा नंबर होता. शनिवारी संध्याकाळी त्याला बोलावून घेतलं, इमादच्या दोस्तांनाही. माग पूर्ण जोरात चालू होते, त्यामुळे मला ओरडूनच सांगावं लागलं.

"शुक्रवारची पैज मी हरले. मी सिनेमा उलटा बघितला होता. दुसरी सीडी आधी."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग इमाद काउंटरवर डोकं ठेवून असा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. बाकीचेही हसले. चाचा चष्मा काढून डोळे पुसत होते. मीही हसले, दुसरं काय करणार. फक्त सार्थक हसत नव्हता.

"कशाला सांगितलंत?" तो म्हणाला. "मी सांगणार नव्हतो."

"माहीत आहे. म्हणूनच सांगितलं. फुकटचं जिंकणं मला नको. तुम्ही जिंकलात."

"म्हणजे आता माझं एक ऐकायचं तुम्ही."

"ऐकते. बोला."

त्याने हेल्मेट काउंटरवर ठेवलं. एकदा इमादकडे पाहिलं, एकदा चाचांकडे, आणि मग माझ्याकडे.

"मला म्हणा… नागपूरला जाऊ नकोस."

इमादचा पेला हातात तसाच राहिला. चाचांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं, पण ते वाचत नव्हते. पान उलटं होतं.



"दुकानात शेवट सांगायचा नाही," मी म्हटलं. "बाहेर चला."

बोळात आम्ही दोघंच उभे राहिलो. दोन्ही बाजूंना खटाखट, खटाखट. वळचणीवरून उगाच एखादा थेंब पडत होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी त्याच्या ओळखपत्राकडे.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

त्याने कानामागे हात नेला. "काय?"

"जाऊ नकोस."

"मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

मग मात्र माझा संयम सुटला. मी काल्हेरची पोर. घसा मोकळा करून ओरडले, "अरे, जाऊ नकोस नागपूरला, तू मला आवडतोस, कळलं का?"

आणि नेमके 'नागपूरला' म्हणताना भारनियमनवाल्यांनी लाइट घेतली. सगळ्या बोळातले माग एकदम थांबले. उरलेलं वाक्य त्या शांततेत भिवंडीभर गेलं. खिडक्याखिडक्यांतून माना बाहेर आल्या. पलीकडच्या कारखान्यातून कुणीतरी म्हणालं, "सुन लिया, दीदी."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दुकानाच्या अंधारातून चाचांचा आवाज आला, "कुणी शेवट सांगितला?"

"बाहर बताया, चाचा," इमाद म्हणाला. "चलता है."

सार्थकने माझे हात तोंडावरून हळूच खाली घेतले. अंधार पडत होता, तरी खळी स्पष्ट दिसत होती.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"मग परत परत का विचारलंत?"

"तू मला पहिल्यांदा 'तू' म्हणालीस," तो म्हणाला. "ते परत ऐकायचं होतं."