अठ्ठावन्न डेसिबलचे अप्पा

इचलकरंजीत शाळा सुटली की कळत नाही. पाचशे मुलं फाटकातून बाहेर पडतात आणि रस्त्यावर कुजबुज पसरते, बस्स. प्रत्येकाच्या दोन्ही कानांत मसुराच्या डाळीएवढं यंत्र. कागदोपत्री नाव श्रवणरक्षक. गावात म्हणतात, राखण्या.

मंगळवारी त्या फाटकासमोर सुताचा टेम्पो मागे येत होता आणि सिद्राम हुक्किरेची आठ वर्षांची लेक निहिरा टेम्पोकडे पाठ करून उभी होती. सिद्राम रस्त्यापलीकडून ओरडला. तिनं ऐकलं. अप्पांकडे बघून गोड हसली आणि सावकाश एक पाऊल टाकलं. एका फळवालीनं तिला दंडाला धरून ओढलं, म्हणून.

म्हणून वाचली. हे वाक्य सिद्रामला तीन दिवस मनातसुद्धा पुरं करता आलं नाही.

शुक्रवारी तो लेकीला घेऊन डॉ. अस्मा मोमीन यांच्या दवाखान्यात बसला. मधे काचेची पाटी. कुणीही बोललं की शब्द तिच्यावर उमटत, कारण सिद्रामला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. विशीत तो यंत्रमागावर होता. मागांचा खडखडाट नको म्हणून कानात हेडफोन, आणि गाणं खडखडाटाच्याही वर. शेडमधली सगळी पोरं तेच करायची. एका आवाजावर दुसरा पांघरला की पहिला जातो, अशी समजूत. कानानं दोन्ही सोसले. आता आत फक्त शिट्टी वाजते, आणि स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू यावं म्हणून सिद्राम ओरडूनच बोलतो.

"मी जीव तोडून वरडलो, मॅडम. आन ही हसतीया."

डॉक्टरांनी राखण्याची नोंद पाटीवर घेतली.

मंगळवार. शाळेचं फाटक.
वडिलांच्या तोंडून, ९४ डेसिबल: सरक, मरशील, सरक!
मुलीच्या कानात, ५८ डेसिबल: बाळा, जरा सरकतेस का?

सिद्रामनं ते दोनदा वाचलं. "बाळा? मी बाळा कवा म्हनतच न्हाई."

डॉक्टर हळूहळू समजावत गेल्या. कानाच्या आत बारीक केसांच्या पेशी असतात. वाऱ्यानं जोंधळा वाकतो तशा त्या आवाजानं वाकतात, वादळात मोडतात. जोंधळा पुन्हा पेरता येतो. या पेशी जन्मात एकदाच. लहान कानाला पंच्याहत्तर डेसिबल आठवड्याला चाळीस तास चालतात, आणि वर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. सिद्रामच्या त्या आवाजाला आठवड्याचा अर्धा तास. मोबाइल आणि हेडफोनवर एक अख्खी पिढी बहिरी झाल्यावर सरकारनं तिसऱ्या वाढदिवशी राखण्या सक्तीचा केला. सुरुवातीचा राखण्या मोठा आवाज नुसता तोडायचा. समोरचं तोंड हलतंय आणि आवाज नाही, हे बघून मुलं घाबरायची. मग भरणी आली. म्हणजे तोडलेल्या जागी त्याच माणसाचा आवाज, मऊ करून भरायचा.

शब्द का बदलले, हे त्यानं विचारलं.

"मऊ आवाजात 'मरशील' ऐकलं की मुलं जास्त घाबरत होती, सिद्रामभाऊ."

"आन खरंच मरनार असंल तर?"

माणसाची किंकाळी आणि माणसाचा राग यांतला फरक यंत्राला अजून कळत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनीच सुचवलं: दोन मिनिटं राखण्या बंद ठेवून बघू. एवढं तिच्या कानाला चालतं. पटलं तर काढण्याच्या अर्जावर तुमची सही.

बंद केला.

पाच वर्षांनी लेकीच्या कानात जायचं, तर काय बोलावं? सिद्रामनं नुसतं तिचं नाव घेतलं. त्याच्या मते हळूच.

पाटीवर आकडा आला. ८८.

निहिराचे खांदे वर गेले. तिनं दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. मग अप्पांच्या तोंडाकडे. पाटीवर तिचे शब्द आले, सगळ्यांच्या शब्दांएवढ्याच आकाराचे.

"अप्पा, तुम्ही रोज माझ्यावर ओरडता?"

"न्हाई गं."

९१.

तिला पटेना म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं.

९६.

निहिरानं दोन्ही तळहात कानांवर दाबले.

"बंद नका ठेवू," सिद्राम म्हणाला. "चालू करा ते."

डॉक्टरांनी टेम्पोची आठवण करून दिली. उद्याही तो ओरडेल आणि हिला कुणीतरी बाळा म्हणेल. त्याला ते कळत होतं. त्यानं अर्जाचा कागद सही न करता, उलटा करून परत सरकवला.

राखण्या चालू झाला. हात खाली आले. सिद्राम काहीतरी बोलला, काय ते त्यालाच आठवेना, आणि निहिरा हसली. मंगळवारी हसली होती तशीच. तिनं काय ऐकलं ते वाचायला तो पाटीकडे वळेपर्यंत डॉक्टरांनी ती पुसली होती.

बाहेर रस्त्यावर टेम्पोंची रांग होती. सिद्राम वाहनांच्या बाजूनं चालू लागला. हाक मारून आता भागणार नव्हतं. त्यानं लेकीचा हात मुठीत घट्ट धरला.

"अप्पा, हात दुखतोय," निहिरा म्हणाली, तिच्या पिढीला येतं तेवढ्या मोठ्यानं.

त्यानं तिचे हलणारे ओठ पाहिले, होय होय अशी मान हलवली, आणि मूठ आणखी आवळली.